नको असलेल्या ढीगभर ईमेलविरुद्ध आपल्याकडे कायद्याने काही करता येतं का?

मांद्रेकरीण

नमस्कार मंडळी. मांद्र्याला आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. मी आणि नवरा दोघंच चालवतो, सीझनमध्ये झाडलोट-धुण्याला तेवढी एक बाई येते. पर्यटन खात्याची नोंदणी रीतसर आहे. वेबसाइट भाच्याने करून दिली आणि तिच्यावर बुकिंगसाठी ईमेलचा पत्ता घातलाय. तो घालावाच लागतो, कारण आमचे बरेचसे पाहुणे जुने, परत परत येणारे, आणि त्यातले साठीपुढचे इंग्रज-जर्मन अजून ईमेलच लिहितात. व्हॉट्सअ‍ॅपवर या म्हटलं तरी येत नाहीत.

तर चवथ आटोपली आणि सीझनची चौकशी सुरू झाली की इनबॉक्स उघडायचा कंटाळा येतो. "तुमची वेबसाइट पाहिली, फार आवडली, पण गूगलच्या पहिल्या पानावर दिसत नाही" हे पत्र काना-मात्रा न बदलता वेगवेगळ्या नावांनी येतं. कधी जेनिफर, कधी राहुल. वेबसाइट इतकी आवडलेल्या जेनिफरने पत्राच्या सुरुवातीला मला 'प्रिय रेस्टॉरंट मालक' म्हटलंय. मग साबण-शांपूच्या पुड्या पुरवणारे, बिनतारण कर्जवाले, दोडामार्गला प्लॉट विकणारे. एकदा तर एका मोठ्या बुकिंग पोर्टलच्या नावाने आलं: पाहुण्याने ढेकूण असल्याची तक्रार केलीय, चोवीस तासांत इथे लॉगिन करून उत्तर द्या, नाहीतर तुमचं पान बंद. पाठवणाऱ्याचा पत्ता नीट बघितला तर पोर्टलच्या नावात ओ अक्षराच्या जागी शून्य! आमच्या खोल्यांत ढेकूण म्हणे. नवरा आधी ह्यावरच भडकला.

ह्या गदारोळात खरी चौकशी बुडते. गेल्या सीझनला मँचेस्टरच्या एका जोडप्याचं नाताळच्या आठवड्यासाठीचं पत्र स्पॅम फोल्डरमध्ये जाऊन पडलं. मला दिसलं तोवर त्यांनी हरमलला खोली घेतली होती.

आता मुद्द्याची गोष्ट. भाच्याने मला एक युक्ती शिकवली. जीमेलच्या पत्त्यात आपल्या नावापुढे प्लसचं चिन्ह टाकून कुठलाही शब्द जोडला तरी पत्र आपल्यालाच येतं. म्हणून बेडशीट-टॉवेलच्या एका पुरवठादाराला बिलासाठी पत्ता देताना मी प्लस लावून पुढे 'टॉवेल' जोडलं. हा पत्ता वेबसाइटवर नाही, कार्डावर नाही, आणखी कोणालाही दिलेला नाही. पावसाळ्यात त्यावर बिल आलं, ठीक. आणि त्यानंतर त्याच प्लस-टॉवेल पत्त्यावर टाइमशेअरवाले, क्रिप्टोवाले, 'तुमच्या हॉटेलसाठी पन्नास लाख मंजूर' वाले सुरू झाले. अनसबस्क्राइब दाबलं की काहींची थांबतात, काहींची उलट वाढतात. पुरवठादाराला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, ईमेलच तर आहे, डिलीट करा."

ओळखीच्या एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, भारतात स्पॅम ईमेलविरुद्ध कायदाच नाही. खरं का हे? फोनला डीएनडी आहे, मग ईमेलला का नाही? बाहेरच्या देशांत तर कडक कायदे आहेत म्हणतात. मला कोर्टकचेरीची हौस नाही. पण ज्यात कलमाचा नंबर आहे असा एक तरी कागद त्या माणसाच्या टेबलावर पडायला हवा.

---

पेडण्याचो_बाबू

ताई, डीएनडी करून टाका. १९०९ ला मेसेज पाठवायचा, सगळं बंद होतं. मी केलंय, आता लोनवाल्यांचे फोन जवळजवळ नाहीतच.

---

बार्देस_वकील

बाबूबाब, १९०९ चा ईमेलशी संबंध नाही. ते ट्रायचं, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाचं, २०१८ चे नियम, आणि ते फक्त फोन कॉल आणि एसएमएस ह्यांना लागू. तिथे लगाम टेलिकॉम कंपनीच्या हातात असतो: जाहिरातवाल्याने १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांची मालिका वापरायची, नाही वापरली तर त्याचा नंबर तोडायचा. ईमेल जगातल्या कुठल्याही सर्व्हरवरून निघते. तिथे तोडायला नंबर कुठला?

मांद्रेकरीणबाय, तुमच्या वकिलांनी सांगितलं ते निम्मं खरं. 'नको असलेली ईमेल' हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा नाही, हे बरोबर. पण पूर्वी होता, हे त्यांनी सांगितलेलं दिसत नाही. आयटी कायदा २००० चा. त्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६अ आलं, ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. त्याच्या तिसऱ्या पोटकलमात जवळपास तुमचीच तक्रार लिहिली होती: त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून, किंवा पत्र कुठून आलं ह्याबद्दल दिशाभूल करायला पाठवलेली ईमेल. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आता हे कलम स्पॅमवाल्यांवर किती लागलं? माझ्या पाहण्यात तरी एकावरही नाही. लागलं ते फेसबुकवर काहीबाही लिहिणाऱ्या पोरांवर. पालघरच्या दोन मुलींची अटक आठवते ना, २०१२ ची? मुंबई बंदबद्दल एकीने लिहिलं आणि दुसरीने लाइक केलं, एवढंच. शेवटी २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल प्रकरणात अख्खं कलमच घटनाबाह्य ठरवलं. 'त्रासदायक' म्हणजे नक्की काय, हे कोणी ठरवायचं, हा कोर्टाचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. तो निकाल मला आजही पटतो. फक्त त्या आंघोळीच्या पाण्याबरोबर तुमच्या कामाचं अर्धं वाक्यही वाहून गेलं.

हे आपल्याकडेच घडलं असं समजू नका. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात जेरेमी जेन्स नावाच्या माणसाला घाऊक स्पॅम पाठवल्याबद्दल २००४ मध्ये ज्युरीने दोषी धरलं, नऊ वर्षांची शिक्षा झाली. २००८ मध्ये तिथल्याच राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो कायदाच रद्द केला. कारण? पाठवणाऱ्याची ओळख लपवलेल्या सगळ्याच घाऊक ईमेलवर त्यात बंदी होती. उद्या कोणी निनावी राहून राजकीय किंवा धार्मिक मत पाठवलं तर तोही गुन्हेगार. म्हणजे देश वेगळा, घटना वेगळी, पण खड्डा तोच.

म्हणून माझ्याकडे असं प्रकरण आलं की मी पहिल्यांदा तक्रारीतून 'मला मनस्ताप झाला' हे वाक्य काढतो. मनस्तापावर कलम नाही. पत्रात खोटं काय आहे ते बघायचं, आणि तुमचा पत्ता त्यांच्याकडे कसा पोचला ते बघायचं. तुमच्याकडे दोन्ही आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

ढेकणांचं पत्र घ्या. ते स्पॅम नव्हे, ती फसवणूक. दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाच्या मार्गे ठकवणं म्हणजे आयटी कायद्याचं कलम ६६ड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तुम्ही लॉगिन केलं नाहीत, तरी ते पत्र सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर नोंदवून ठेवा. पैसे गेले असते तर मात्र आधी १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बाकी सगळं नंतर. तिथे पहिले काही तास मोलाचे असतात, तेवढ्यात रक्कम वाटेत अडवता येते. रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात जायचं तर पत्राचा छापील कागद नको, मूळ फाइल न्या. ह्या प्रकारात दिवाणी दावाही चालतो बरं. २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टात नॅसकॉम ह्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या नावाने ईमेल पाठवून उमेदवारांची माहिती उकळणाऱ्या नोकरभरतीवाल्यांना १६ लाख रुपये भरपाईवर तडजोड करावी लागली. त्या वेळी असल्या सोंगासाठी, म्हणजे फिशिंगसाठी, आपल्याकडे वेगळं कलमही नव्हतं.

आता टॉवेल. इथे खरी मजा आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७), अनुचित व्यापार प्रथांची व्याख्या. तिच्या शेवटच्या पोटकलमात आहे की ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना तिसऱ्याला देणं ही अनुचित प्रथा. हाच तुमच्या कागदावरचा नंबर. मात्र समोरून पहिला बाण येणार तो असा: बाई धंदा करते, टॉवेल धंद्यासाठी घेतले, मग ती 'ग्राहक' कुठली? कायदा व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळतो, हे खरं. पण स्पष्टीकरणात म्हटलंय की केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारातून केलेला वापर हा व्यापारी हेतू धरायचा नाही. तुम्ही वर लिहिलंय ना, 'मी आणि नवरा दोघंच चालवतो'? ते वाक्य तक्रारीत जसंच्या तसं घाला. झाडलोटीची बाईही लपवू नका. लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या १९९५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की एकदोन माणसांची मदत घेतली म्हणून स्वयंरोजगार संपत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची.

'विश्वासाने दिलेली' हे मात्र तुम्हाला सिद्ध करावं लागेल. पत्ता फक्त बिलासाठी आहे असं त्याला कुठे लिहिलं होतं का? असेल तर शोधून ठेवा, नसेल तर लढाई अवघड.

तुम्ही नवा डेटा कायदा विचारणारच, म्हणून आत्ताच सांगतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. संमती मोकळी, नेमक्या कारणापुरती असावी, आणि दिली तितक्याच सहज मागे घेता यावी, असं त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संमतीची आणि हक्कांची मुख्य कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. तोवर तो कायदा दाखवून धमकी देता येते, दावा करता येत नाही. आणि त्यातली मेख लोकांना माहीतच नसते: कलम ३ प्रमाणे जी माहिती तुम्ही स्वतः जाहीर केली आहे तिला हा कायदा लागू नाही. तुमच्या वेबसाइटवरचा पत्ता तुम्हीच चव्हाट्यावर टांगलाय. जेनिफरला तो कायदा लागणार नाही, आज नाही आणि २०२७ नंतरही नाही. पण प्लस-टॉवेल पत्ता तुम्ही जाहीर केलेला नाही. भाच्याने सहज शिकवलेल्या त्या एका चिन्हाने तुमची केस उभी केलीय. त्या मुलाला लॉ कॉलेजला घाला.

दंडाचे आकडे वाचून हुरळू नका. सुरक्षा नीट न ठेवल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो भारताच्या संचित निधीत जातो, तुमच्या खात्यात दमडी येत नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर तुम्हालाच दहा हजारांपर्यंत दंड. जुन्या आयटी कायद्याचं ४३अ कोणी सुचवलं तर सोडून द्या. ते पासवर्ड, बँक, आरोग्य असल्या संवेदनशील माहितीपुरतं आहे, नुसता ईमेल पत्ता त्यात बसत नाही.

---

पाटोवरचा_मेलवाला

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. पणजीत पाटोला बसतो आणि गिऱ्हाइकांची न्यूजलेटरं, ऑफरची पत्रं पाठवणं हाच माझा धंदा. त्यामुळे शिव्या घालायच्या तर आत्ताच घाला.

वकीलसाहेबांचं कायद्याचं ज्ञान थोर, पण आमच्या धंद्याला कायद्याने कधी घाम फुटला नाही. फुटला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, गूगल आणि याहूने नियम आणले तेव्हा. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांच्या वर पत्रं पाठवणाऱ्याने एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क हे तिन्ही लावायचे, म्हणजे पत्र खरंच त्याच्याच डोमेनवरून आलंय हे तपासता येतं. जाहिरातीच्या पत्रात एका टिचकीत सुटका हवी, आणि सुटका मागितली की दोन दिवसांत नाव काढायचं. आणि सगळ्यात जालीम: स्पॅमचं बटण दाबणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत हवं. हजारात तिघांनी बटण दाबलं की माझ्या गिऱ्हाइकाची सगळीच पत्रं फोल्डरात. एका कपड्याच्या दुकानाची दसऱ्याची ऑफर अशी मेली, तेव्हा मालकाचा चेहरा मी बघितलाय. कुठलं कलम लावून असा चेहरा होत नाही.

२००८ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो नावाच्या होस्टिंग कंपनीचं इंटरनेट तिला जोडणी देणाऱ्यांनी तोडलं. बातमीदाराने पुरावे दाखवले, त्यांनी वायर काढली. जगातलं स्पॅम एका दिवसात निम्म्याहूनही जास्त घटलं. कोर्ट नाही, वॉरंट नाही. काही महिन्यांनी पुन्हा चढलं ते सोडा.

तेव्हा मांद्रेकरीणताई, ज्या कंपनीशी तुमचा खरंच व्यवहार झालाय तिचं अनसबस्क्राइब दाबा. अनोळखी पत्राचं मात्र कधीच दाबू नका, तिथे सरळ स्पॅमचं बटण. अनोळखी पत्रातली अनसबस्क्राइबची लिंक दाबली की पत्ता जिवंत आहे हे त्यांना कळतं, म्हणूनच काहींची वाढली.

आणि एक विचारतो, राग मानू नका. जुन्या पाहुण्यांना सीझनच्या आधी तुम्ही पत्र पाठवता की नाही? 'यंदाचे दर असे, या' वगैरे? सगळ्यांना एकदम, बीसीसीत टाकून?

---

फोंडा_ते_मिसिसागा

मी मूळचा फोंड्याचा, आता कॅनडात. इथला स्पॅमविरोधी कायदा जगातल्या कडक कायद्यांत मोजतात. आधी परवानगी, मग पत्र. कंपनीला दंड एक कोटी डॉलरपर्यंत. १ जुलै २०१४ ला लागू झाला, त्याच्या आधीच्या महिन्यात तर कहरच झाला होता: ज्यांना आम्ही विसरलो होतो अशा सगळ्या दुकानांची, जिमची, दंतवैद्यांची पत्रं आली, 'कृपया आम्हाला परवानगी द्या'. स्पॅम बंद करणाऱ्या कायद्याने त्या जूनमध्ये सगळ्यात जास्त पत्रं आणली.

पण सामान्य माणसाला स्वतः दावा करायचा जो हक्क त्यात होता, तो जुलै २०१७ पासून सुरू व्हायचा होता. महिनाभर आधी सरकारने तो स्थगित केला. धंदेवाल्यांनी ओरड केली की वकील लोक गल्लोगल्ली दावे लावतील. (वकीलसाहेब, माफी असावी.) म्हणजे मला आजही फक्त तक्रार पाठवता येते, पुढे सरकारी संस्थेला वाटेल तेव्हा ती बघेल.

अमेरिकेचा २००३ चा कायदा तर ह्याहून ढिला. तिथे परवानगी लागतच नाही. खोटा विषय लिहू नका, टपालाचा खरा पत्ता द्या, नको म्हटल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत थांबा, एवढं पाळलं की खुशाल पाठवा. आणि दावा करायचा अधिकार सरकारला आणि ईमेल सेवा देणाऱ्या कंपन्यांना, ज्याच्या इनबॉक्समध्ये पत्र पडलं त्याला नाही. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी 'आधी परवानगी' असा कडक कायदा केला होता, तो लागू व्हायच्या आतच केंद्राच्या ह्या ढिल्या कायद्याने झाकून टाकला. तेव्हा ताई, परदेशात सगळं आलबेल आहे असं समजू नका.

---

मांद्रेकरीण

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं.

वकीलसाहेब, सापडलं! व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने बिलासाठी ईमेल मागितला होता, आणि मी लिहिलंय, "हा पत्ता फक्त बिलासाठी, ऑफर वगैरे पाठवू नका." खाली त्याचा अंगठा. अंगठ्याला कोर्टात किंमत असते का?

मेलवालेभाई, राग नाही, पण बरोबरी पटली नाही. हो, सप्टेंबरात मी जुन्या पाहुण्यांना पत्र लिहिते. यंदा कुठली खोली रंगवली, शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली, मोरजीला कासवं कधी येतात, आणि शेवटी दर. त्यातले कित्येक उत्तर देतात, नातवंडांचे फोटो पाठवतात. एक जर्मन आजी तर माझ्या पत्राला उशीर झाला की आपणहून विचारते. ह्याला तुम्ही जेनिफरच्या रांगेत बसवणार?

---

पाटोवरचा_मेलवाला

मी नाही बसवत, पण शेवटी दर आहेत ना, म्हणजे कायद्याच्या लेखी ती जाहिरातच, मांजरीची पिल्लं असली तरी. घाबरायचं कारण नाही. ब्रिटन आणि युरोपियन युनियन, दोन्हीकडे मूळ नियम 'आधी परवानगी' हाच, पण गिऱ्हाइकासाठी सवलत आहे: पत्ता विक्रीच्या वेळी त्याच्याकडूनच मिळालेला असावा, जाहिरात आपल्याच तशाच सेवेची असावी, आणि पत्ता घेताना आणि पुढे प्रत्येक पत्रात 'नको' म्हणायची सोय असावी. राहून गेलेले पाहुणे ह्यात बसतात. नुसती चौकशी करून हरमलला गेलेल्यांना मात्र यादीत घेऊ नका. पत्राच्या तळाशी एक ओळ टाका, 'पुढची पत्रं नको असतील तर उत्तरात तसं कळवा', आणि कोणी कळवलं की त्याच दिवशी नाव काढा. जर्मन आजींना ती ओळ दिसणारही नाही.

बीसीसी मात्र थांबवा. शंभरेक पत्ते बीसीसीत टाकून जीमेलवरून एकदम पाठवलं की फिल्टरला ते घाऊक पत्रासारखंच दिसतं. मग तुमचं पत्र त्यांच्या स्पॅममध्ये जातं, आणि त्यांना वाटतं यंदा मांद्र्याहून काही आलंच नाही.

---

पेडण्याचो_बाबू

म्हणजे १९०९ ला पाठवून ईमेल बंद होत नाहीत? मग माझ्या ईमेल कमी कशा झाल्या?

---

पाटोवरचा_मेलवाला

बाबूबाब, तुम्ही शेवटचा इनबॉक्स कधी उघडलात?

---

बार्देस_वकील

मिसिसागाकर, माफी मंजूर. गल्लोगल्ली दावे लावायला आम्हाला वेळ कुठे आहे, तारखाच संपत नाहीत.

बाय, अंगठा चालेल. 'ऑफर पाठवू नका' ह्या वाक्याखाली त्याने अंगठा दिला म्हणजे त्याने ते वाचलं, एवढं नक्की. मान्य केलं की नाही ह्यावर तो वाद घालील, घालू दे. त्यानंतर त्याने त्याच पत्त्यावर बिल पाठवलं, ही गोष्ट अंगठ्याहून जड.

पुराव्याचं आत्ताच सांगतो, कारण इथे नव्वद टक्के लोक गळतात. स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका. जीमेलमध्ये पत्र उघडून तीन टिंबांच्या मेनूत 'मूळ दाखवा' आहे, तिथून पूर्ण फाइल उतरवून घ्या. तिच्यात पत्र कोणत्या पत्त्यावर आलं, कुठल्या सर्व्हरवरून, किती वाजता, सगळं असतं. 'प्रति' च्या ओळीत प्लस-टॉवेल दिसलं पाहिजे. पुरवठादाराचं बिलही असंच उतरवा, म्हणजे दोन्हीकडे तोच पत्ता शेजारी शेजारी दाखवता येईल. ह्या फाइली ज्या फोनवर किंवा लॅपटॉपवर ठेवाल तो विकू नका, फॉरमॅट करू नका. आयोगात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडायचं, पूर्वीचं ६५ब. त्याचे आता दोन भाग आहेत. एक तुम्ही भरायचा, दुसरा जाणकाराने, आणि फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा, लिहायची असते. भाचा पुन्हा कामाला येईल.

एक कच्चा दुवा आहे, तो तुम्हाला माहीत असावा. पत्ता त्याने विकला असंच नाही. त्याचा संगणक फुटला असेल, किंवा त्याच्या बिलाच्या सॉफ्टवेअरवाल्याकडून बाहेर गेला असेल. म्हणून नोटिशीत 'तुम्ही विकलात' असं लिहायचं नाही. 'हा पत्ता केवळ तुम्हाला दिला होता, तो तिसऱ्यांकडे कसा गेला ह्याचा पंधरा दिवसांत लेखी खुलासा करा, कोणाकोणाला दिलात त्यांची नावं द्या, आणि तुमच्याकडची नोंद पुसून तसं कळवा' असं लिहायचं. खुलासा आला तर त्यात पुढचा माणूस सापडतो. नाही आला तर ते गप्प बसणंही आयोगापुढे ठेवता येतं. खाली कलम २(४७) चा उल्लेख. तुम्हाला नंबर हवा होता ना.

नोटीस ईमेलने पाठवू नका, स्पॅममध्ये गेली म्हणेल. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावतीसह, आणि पावती जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आलीच तर ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. मसुदा खासगी मेसेजमध्ये पाठवतो. तोवर त्या पुरवठादाराचं नाव इथे कोणी विचारलं तरी लिहू नका, नाहीतर तुमच्या नोटिशीआधी त्याची अब्रुनुकसानीची यायची.